हेलकाव्याचं माप

"साधारण तासाभरात येतो," असं म्हणणाऱ्या नळवाल्याला अंबिका हर्सूलकर विचारायची, "म्हणजे लवकरात लवकर कधी, आणि उशिरात उशिरा कधी?" नळवाला डोकं खाजवत निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवायचा. औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीत बाईंसमोर 'साधारण' हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची, आवाज खणखणीत होता, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

हे खूळ तिला बापाकडून मिळालं, तेही उलट्या बाजूनं. व्यंकटराव तहसिलीत कारकून. निजामाच्या अमलात उर्दूत दफ्तर लिहिलं, पोलिस ॲक्शननंतर तेच दफ्तर मराठीत लिहायला शिकले, पण एक काम दोन्ही राज्यांत जसंच्या तसं राहिलं : आणेवारी. म्हणजे बांधावर उभं राहायचं, पिकावरून नजर फिरवायची आणि सांगायचं, यंदा सोळा आण्यांपैकी किती आणे पीक. त्या एका शब्दावर गावाचा शेतसारा ठरायचा. लहान अंबिकानं एकदा विचारलं होतं, "अण्णा, तेच शेत उद्या पुन्हा बघितलं तर तितकेच आणे सांगाल?" व्यंकटराव म्हणाले, "वेडी आहेस का? एकदा बघितलेलं शेत पुन्हा कोण बघतं!"

पोरीनं तो प्रश्न सोडला नाही. एम.एस्सी. झाली, नोकरीला लागली, पस्तिशी ओलांडली आणि पीएच.डी.ला विषय घेतला तो हाच. माणूस अंदाज करतो तेव्हा चुकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अंबिकाचं म्हणणं होतं की ती चूक दोन जातींची असते. एक म्हणजे कल : कुणी कायम जास्तच सांगतो, कुणी कायम कमीच. हा कल ओळखता येतो आणि वजा करता येतो. दुसरा म्हणजे हेलकावा : त्याच माणसाला तीच गोष्ट दोनदा दाखवली तर तो दोन वेगळे आकडे सांगतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. हा हेलकावा किती असतो, हे तिला मोजायचं होतं.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळा विभाग नुसतं 'सर' म्हणायचा, भले गृहस्थ होते. पण हा विषय त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. "अंबिकाबाई, लोकांच्या डुगडुगण्याला का कुणी फूटपट्टी लावतं?" असं ते दर महिन्याला म्हणायचे. असं करता करता वर्षं सरली. आता पुढचा उन्हाळा संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

मोजायचं तर जिथं रोज नजरेनं मोजतात तिथंच जायला हवं. व्यंकटरावांची पूर्वी पाचोडला बदली झाली होती. त्यांनी वाट दाखवली. पाचोड म्हणजे मोसंबीचा गाव. तिथं बागा उक्त्या जातात : फळ झाडावर असतानाच सौदा होतो, आणि झाडाला किती फळं आहेत ते नजरेनंच ठरतं. आणि या नजरेचा राजा होता बद्रीनाथ. अंगानं आडवा, गळ्यानं मोठा, डोक्याला पटका. पंचक्रोशीत कुठलाही सौदा असो, आधी बद्रीनाथला बोलावणं जायचं.

"लिवा बाई," पहिल्याच झाडापाशी तो म्हणाला. "आठशे. ह्या नजरेपुढं फळ लपत नाय."

बाग त्याच्या शेजारच्या काकासाहेबांची होती. बरोबर गावातले आठ-दहा जाणते. अंबिकानं एकेकाला विचारलं. कुणी सातशे ऐंशी म्हणालं, कुणी आठशे वीस, कुणी सरळ आठशेच. पुढच्या झाडाला बद्रीनाथ सहाशे म्हणाला, की बाकीचेही सहाशेच्या आगेमागे. दिवसभर हेच. संध्याकाळी अंबिकाचं तोंड एवढंसं झालं होतं. हेलकावा मोजायला आली, आणि इथं दहा तोंडांतून एकच आकडा निघत होता.

तोडणीच्या वेळी फळं झाडागणिक मोजली, तेव्हा सगळेच्या सगळे चुकलेले निघाले, आणि सगळे एकाच बाजूला. सर ते कागद बघून खूश झाले. "झालं तुमचं काम. पाचोडकर जास्त सांगतात, एवढं एक वाक्य लिहा. त्यातून थोडं वजा केलं की आकडा बरोबर. मात्र एका वाक्याला पदवी देत नाहीत, हो!"

ते हसले, आणि अंबिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलंही नाही.

तरी ती पुन्हा गेली, कारण हट्टानं जाणं हा तिचा स्वभावच होता. हंगाम सरत आला होता. अजून न तोडलेल्या शेवटच्या काही झाडांपाशी काकासाहेब पाहुणचार म्हणून म्हणाले, "बाई, दर वक्ताला आमालाच इचारता. आज तुमी बी सांगा की!" समोर एक गच्च झाड. अंबिकाच्या मनात आधीच आकडा आला होता : पाचशे. पण तेवढ्यात बद्रीनाथ गरजला, "नऊशे." सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. ती म्हणाली, "साडेआठशे."

एस.टी. आडूळच्या पुढं आली तेव्हा ती एकदम उभी राहिली. "अहो, मी खोटं बोलले!" असं मोठ्यानं म्हणाली.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "अर्धं तिकीट काढलं व्हतं काय बाई? कुठून बसला तुमी?"

तिचं तिकीट पुरं होतं. पण आता तिला सगळं लख्ख दिसत होतं. गावात मोठा माणूस आधी बोलतो, आणि त्याच्या शब्दापासून फार लांब जाणं म्हणजे त्याचा चारचौघांत पाणउतारा. म्हणून प्रत्येक जण थोडं खाली, थोडं वर बोलतो आणि गप्प बसतो. ती स्वतः कॉलेजातली बाई, शास्त्र शिकवणारी, तिनंही निमूटपणे पदरची साडेतीनशे फळं घातली होती. गावानं हेलकावा संपवला नव्हता, अदबीखाली झाकून ठेवला होता! ती एस.टी.त खिडकीशी बसून हसत होती, आणि शेजारची बाई पोराला घेऊन जरा सरकून बसली.

पुढच्या बहाराला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, ती नवी युक्ती घेऊन आली. एकेकाला बाजूला घेऊन कानात आकडा सांगायला लावायचा. पण जो येई तो आधी विचारी, "बद्रीनाथ किती म्हनला?" चिठ्ठीवर लिहा म्हटलं, तर लोक कागदाकडं असे बघू लागले जणू त्यावरून उद्या सारा वाढणार आहे. दोन दिवस वाया गेले आणि अंबिकानं हात टेकले.

त्या आठवड्यात पाचोडचा बाजार होता. बैलांच्या बाजारातून जाताना तिनं बघितलं, दोन माणसं समोरासमोर उभी, हातांवर एक उपरणं, आणि दोघं आभाळाकडं बघत होती. उपरण्याखाली बोटं बोलत होती. एक बोट धरलं तर एक आकडा, मूठ धरली तर दुसरा. भोवती पन्नास माणसं, पण सौदा कुणाला कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बागेत तिनं पिशवीतून उपरणं काढलं आणि म्हणाली, "चला, एकेकानं यायचं. बोटानं सांगायचं."

 परगावची बाई, आणि तिचा हात कापडाखाली धरायचा? काकासाहेब दुसरीकडंच बघू लागले. एक जण म्हणाला, "मला जरा मोट... म्हणजे मोटार बंद करायचीय," आणि सटकला. अंबिकाच्या लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

तेव्हा बांधावर बसलेली बद्रीनाथची आई उठली. चतुराबाई. जख्ख म्हातारी, नवरा जन्मभर बैलांचा व्यापार करणारा, त्यामुळं बोटांची भाषा तिला पोरांच्या नावांसारखी पाठ.

"आन इकडं ते," तिनं उपरणं ओढलं. "मी हाय ना. ह्या समद्यांची नाळ मी बघितलीय. आता कुणाला लाज वाटती ते बघू. अन् कारकूनसायबाची पोर, तू लिव."

मग काय विचारता! चतुराबाई झाडाखाली घोंगडीवर बसली. एक बोट म्हणजे शंभर, मूठ म्हणजे पाचशे, बोटाचं पेर दाबलं तर पन्नास. एकेक जण यायचा, झाडाकडं बघायचा, हात उपरण्याखाली घालायचा, आणि जायचा. म्हातारी अंबिकाच्या कानात आकडा सांगायची. पहिल्याच झाडाला कुणाचे तीनशे होते, कुणाचे नऊशे. अंबिकाला वाटलं, नाचावं.

आणि खरी गंमत तर पुढं होती. सकाळी विहिरीच्या बाजूनं झाडं दाखवली. मध्ये जेवण झालं, भाकरी, ठेचा, झाडाखाली डुलकी झाली. मग उन्हं कलल्यावर दुसऱ्या अंगानं, दुसऱ्या सऱ्यांमधून फिरवत तिनं तीच झाडं पुन्हा दाखवली. बाग मोठी, आणि आकडे सांगणाऱ्यांत काकासाहेब नव्हते, त्यामुळं कुणाचीच स्वतःची नव्हे. एकालाही ओळख पटली नाही. माणूस तोच, झाड तेच, आणि आकडे दोन. त्या दोन आकड्यांतलं अंतर, सगळ्या झाडांवर मिळून, म्हणजे त्या माणसाचा हेलकावा. इतकी वर्षं जे हाताला लागत नव्हतं ते आता ओंजळीत होतं.

फक्त एक आकडा तिनं पुन्हा पुन्हा वाचला. कडुनिंबाजवळच्या एका झाडाला बद्रीनाथनं सकाळी सहाशे सांगितले होते आणि दुपारी साडेआठशे.

लपवून ठेवता आलं असतं, पण ती अंबिका होती. तिनं दुसऱ्याच दिवशी त्याला त्याच्याच ओट्यावर सांगितलं.

बद्रीनाथ आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. "म्हंजी मी येकाच झाडाला दोन आकडे बोललो? बाई, माझ्या शब्दावर लोकं बागा घेत्यात. हे तुमी पुस्तकात छापनार? माझी अब्रू काढायला आला काय गावात?" तो उठून आत गेला. "माय, तू उद्यापासून जायाचं नाय," एवढं आतून ऐकू आलं.

म्हातारी जायची थांबली, उपरणं थांबलं, आणि उन्हाळा तर डोक्यावर आला होता. सरांनी सुचवलं, "त्याचं नाव गाळा आणि उरलेल्यांवर भागवा." अंबिका ताडकन म्हणाली, "सर, सर्वांत नावाजलेल्या नजरेलाच गाळायचं, तर मग मोजायचं कुणाला?" तिला झोप लागेना, जेवण जाईना. व्यंकटराव जेवताना म्हणाले, "पोरी, मीही शेतं दोनदा बघितली असती, तर मलाही राग आला असता." एवढंच म्हणून ते ताक प्यायले.

आठवड्याभरानं औरंगपुऱ्यात, दारात बद्रीनाथ. हातात मोसंबीची पिशवी, चेहरा पडलेला. तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

"कुनाला न सांगता गेलो व्हतो बागंत," तो म्हणाला. "काकासायबाला म्हनलं, झाडं तू दाव, माझं आकडे ध्यानात ठेव, सांज सरंस्तोवर मला सांगू नको. सकाळी बघितलं, सांजंला बघितलं. बाई, खरं हाय. लई हालतोय मी." मग त्यानं हळूच विचारलं, "पर मी एकलाच हालतोय, का समदेच?"

अंबिकानं त्याला सगळ्यांचे हेलकावे समजावून सांगितले. प्रत्येक जण हलत होता. आणि बद्रीनाथचा हेलकावा पाचोडात सगळ्यांत लहान होता. त्याची नजर खरोखरच सर्वांत भरवशाची होती, फक्त ती जास्तीकडं कलायची.

बद्रीनाथ पुन्हा माणसात आला. "मंग तसं लिवा ना! मोठ्या अक्षरात लिवा, नावासकट. बद्रीनाथ सर्वांत कमी हालतो." आणि जाता जाता, "मायला उद्या धाडतो."

पुढचे दिवस पाचोडात धामधूम होती. तोडणी झाली, फळं मोजली गेली. अंबिकानं तोडणीच्या आधीच काकासाहेबांना संपूर्ण बागेचा आकडा सांगून ठेवला होता : सगळ्यांच्या मुक्या आकड्यांची सरासरी, त्यातून काही झाडं आधी उतरवून काढलेला कल वजा, आणि वर-खाली किती होऊ शकेल तेही. खरा आकडा तिच्या मधल्या आकड्याला खेटून आला. काकासाहेबांनी बागेतच सगळ्यांना चहा पाजला. एकेकट्याचा हेलकावा मोठा, पण सगळ्यांचे मिळून एकमेकांना सावरून धरतात, मात्र त्यासाठी कुणी कुणाचं ऐकलेलं नसावं लागतं, हे त्या दिवशी पाचोडानं बशीत ओतून प्यायलं.

प्रबंध मुदतीच्या आत गेला. मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. विभागाचं सभागृह भरलेलं. पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक, बारीक चणीचे, चष्म्यावरून बघणारे. पहिल्या रांगेत सर आणि विभागातले प्राध्यापक. मागच्या बाकावर व्यंकटराव, नव्या पटक्यातला बद्रीनाथ आणि चतुराबाई.

परीक्षकांनी तासभर तिला पिळून काढलं. गणित तपासलं, सूत्रं तपासली, तक्ते उलटे-सुलटे केले. गणितात खोट निघाली नाही. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, "काम नीट आहे. पण हे शेतकरी आहेत बाई. मोठ्यांपुढं दबणारे, मोजण्याची सवय नसलेले. शिकलेल्या माणसांत असला हेलकावा सापडणार नाही. मग तुमचं हे माप एका गावापुरतंच नाही का राहत?"

हा प्रश्न येणार हे अंबिकाला ठाऊक होतं. तिनं टेबलाखालून एक काचेची बरणी काढली. चिंचोक्यांनी भरलेली.

"परवानगी असेल तर पाहूया, सर. पहिल्या रांगेनं सांगावं, यात किती चिंचोके असतील?"

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नऊशे." शेजारचे म्हणाले, "मलाही साधारण तसंच वाटतं. आठशे नव्वद." त्यापुढचे, "नऊशे दहा." रांगेच्या टोकाला बसलेला सर्वांत तरुण प्राध्यापक म्हणाला, "आठशे ऐंशी."

मागून बद्रीनाथचं खोकल्यासारखं हसू ऐकू आलं.

मग अंबिकानं चतुराबाईला पुढं बोलावलं. म्हातारी सभागृहातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, मांडीवर उपरणं अंथरलं, आणि पहिल्या रांगेला बोटांची भाषा समजावून सांगितली. "लाजू नका. माझ्या नातवाच्या वयाचे तुमी," ती म्हणाली. एकामागून एक बरण्या समोर आल्या, काही लहान, काही मोठ्या, आणि मध्ये कुठंतरी पहिलीच बरणी पुन्हा आली, दुसऱ्या झाकणाची. प्राध्यापक लाजत, हसत, पण हात उपरण्याखाली घालत होते. म्हातारी अंबिकाला आकडे सांगत होती.

अंबिकानं फळ्यावर फक्त त्या पहिल्या बरणीचे आकडे लिहिले. सर : मघा नऊशे, आता तेराशे. शेजारचे : पाचशे. तरुण प्राध्यापक : चारशे.

सभागृह खदखदून हसलं. आणि सगळ्यांत जास्त हसले ते सर. ते उठून फळ्यापाशी गेले, स्वतःचे दोन आकडे जवळून वाचले आणि वळून म्हणाले, "अंबिकाबाई, फूटपट्टी लागते हो. माझ्यावरच लागली!" इतक्या वर्षांत त्यांनी तिला दिलेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती त्यांनी मोकळ्या मनानं, भर सभेत दिली. अंबिकाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिनं ते तिथंच केलं.

परीक्षक हसत नव्हते. ते चष्म्यावरून फळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एक शेवटचा प्रश्न. तुम्ही गावाला मोजलंत. विभागाला मोजलंत. तुमचा स्वतःचा हेलकावा किती?"

 बद्रीनाथ पुढं वाकला.

"मोजला आहे, सर," अंबिका म्हणाली. "काकासाहेबांनी क्रम बदलून दाखवलेली तीच झाडं, दोनदा, चतुराआजींच्या उपरण्याखाली. तक्त्यात शेवटचं नाव माझं आहे. सर्वांत मोठा हेलकावा माझा आहे. बद्रीनाथभाऊंच्या दुप्पट."

परीक्षकांनी प्रबंध उघडला, तो तक्ता शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि ते शेवटच्या नावापर्यंत खाली नेलं. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं. "आणि हे छापायची तुम्हाला भीती वाटली नाही?"

"फार वाटली. पण मलाच गाळलं असतं तर बाकीच्यांना मोजायचा मला काय अधिकार होता?"

ते उठून उभे राहिले आणि सरांकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या बाजूनं प्रबंध मंजूर. आणि अभिनंदन, डॉक्टर हर्सूलकर."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. व्यंकटरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बद्रीनाथ बाकावरून उठला आणि पाखरं हाकताना घालतात तशी कडकडीत शीळ घातली. अंबिकाला आनंदानं रडू कोसळलं. फळ्यापाशी उभी राहून ती सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली आणि तिला मुळीच संकोच वाटला नाही.

चतुराबाईनं उपरणं झटकून त्याची घडी घातली, आणि शेजारच्या प्राध्यापकाला कोपरानं ढोसून विचारलं, "पास झाली ना रं पोर?"

"झाली आजी," तो म्हणाला. "डॉक्टर झाली."

"मंग हिथं बसून काय करता? जा, पेढे आना," म्हातारी म्हणाली, आणि तो खरोखरच उठून गेला.